थोडी कळ काढ

पूजेची तारीख ठरवताना गुरुजींनी फोनवर दोन गोष्टी विचारल्या. गोत्र कोणतं आणि सूनबाईंची पाळीची तारीख काय. पहिल्याचं उत्तर सासूबाईंनी एका दमात दिलं. दुसऱ्याला त्यांनी फोनवर तळहात धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

२००९ सालच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती, घरात पाळणा हलला नव्हता, आणि त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करायचं ठरलं होतं. माझी पाळी चोवीस-पंचवीस दिवसांनीच यायची. मुहूर्त नेमका तिच्यात सापडत होता. पूजा तीन दिवसांची, नवराबायकोनं जोडीनं बसायची. मध्येच ‘अडचण’ आली तर सगळं मुसळ केरात. चुलत जावेनं तोडगा काढला: पाळी पुढे ढकलायची गोळी. बारकी, पांढरी, दिवसातून तीन वेळा, तारखेच्या तीन दिवस आधीपासून. चिठ्ठीशिवाय मिळायला नको अशी ती गोळी, पण मिळाली. दुकानदारानं कैचीनं पाकीट कापलं आणि एवढंच विचारलं, “किती दिवस पुढं?”

त्र्यंबकात आम्ही एका वाड्यात उतरलो. पहाटे कुशावर्तावर स्नान. थंडी अशी की पाण्यातून बाहेर आल्यावर अंगातून वाफा निघत होत्या. मग ओल्या केसांनी पाटावर. संकल्प, पिंड, कणकेचा नाग. घराण्यात कुणाच्या तरी हातून, या जन्मी नाहीतर मागल्या, नाग मारला गेला असेल. त्याचा दोष वंशाला लागतो. म्हणून त्याची उत्तरक्रिया करायची, असं गुरुजींनी समजावून सांगितलं. आवाज मायाळू होता. मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलेली बाई मान डोलावत होते.

पण मला त्या तीन दिवसांतलं खरं आठवतं ते हे, की मला दुखलं नाही. तेराव्या वर्षापासून त्या तारखांना जी कंबर आणि ओटीपोट धरून मी भिंतीला टेकून बसायची, त्या तारखांना मी सलग चार-चार तास मांडी घालून बसले. एक कळ नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “पाहिलंस? फरक पडला.” आणि मला ते पटलं. अगदी आतून पटलं.

घरी आल्यावर गोळ्या थांबवल्या. तिसऱ्या दिवशी पाळी आली, व्याजासकट.

पुढं तीन वर्षांनी, २०१२ साली, पोटात दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा डाव्या बीजांडकोशात चॉकलेटची गाठ निघाली, आणि पिशवीच्या मागच्या बाजूला आतडं चिकटलेलं. एंडोमेट्रिओसिस. तेरा ते तीस, म्हणजे सतरा वर्षांनी दुखण्याला नाव मिळालं. दवाखान्यातून निघताना हातात दिलेल्या कागदावर औषधाचं नाव होतं: नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम, सहा महिने. तीच गोळी. मी हसले तर टाके ओढले गेले.

*

हे सगळं पुन्हा वर आलं त्याला कारण भाषांतर झालं. मी पोटापाण्यासाठी भाषांतरं करते. एका अभ्यासक बाईंनी एक प्रश्नावली माझ्याकडे पाठवली. जुनाट वेदना असलेल्या माणसाला आपल्या वेदनेबद्दल काय वाटतं, ते मोजणारी. बाईंना एंडोमेट्रिओसिसच्या रुग्णांसाठी ती मराठीत हवी होती. किती दुखतं हे मोजायचं नाहीच, वेदनेबद्दलची समजूत मोजायची. मला तेव्हा ते जरा चैनीचं वाटलं. इथं मुळात दुखतंय हेच कुणी धरत नाही, आणि समजुती कसल्या मोजताय?

वेदना मोजायची साधनं तशी पुष्कळ आहेत. शून्य ते दहा हा आकडा सगळ्यांच्या ओळखीचा. १९७५ साली कॅनडातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनेची विशेषणं गोळा करून, वीस गटांत लावून मॅकगिल प्रश्नावली केली. तीत अठ्ठ्याहत्तर शब्द आहेत. आपल्याकडचा जुना डॉक्टर मात्र वेगळंच विचारतो: “रुपयातले किती आणे बरं वाटतंय?” हे मोजमाप मला फार आवडतं. पण त्यात एक गोम आहे. आणे विचारले जातात ते बरं वाटण्याचे. दुखण्याचे आणे कुणी विचारत नाही.

माझ्याकडे आलेली प्रश्नावली डेव्हिड विल्यम्स आणि बेव्हर्ली थॉर्न या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली केलेली. सोळा विधानं. प्रत्येकाला चार उत्तरं: अगदीच पटत नाही ते अगदी पटतं. गुण उणे दोन, उणे एक, एक, दोन. मध्ये शून्य नाही. ‘सांगता येत नाही’ असं म्हणायची सोयच ठेवलेली नाही. सोळा विधानांतून चार गोष्टी निघतात. ही वेदना मला कोडं वाटते का? ती कायमची आहे असं वाटतं का? ती सतत असते का? आणि ती माझ्याच दोषानं आहे असं वाटतं का? हे मोजण्यामागं कारण आहे. सारखाच आजार, सारखंच औषध, तरी एक जण कामाला लागतो आणि दुसरा अंथरुणाला खिळतो. त्या फरकात समजुतींचा वाटा असतो, हे वेदनेच्या शास्त्रानं गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बऱ्यापैकी दाखवून दिलं आहे. आणि एंडोमेट्रिओसिसला तर हे विशेष लागू. या आजाराच्या चार पायऱ्या मानतात, पण पायरी आणि कळ यांचा मेळ बसत नाही. पोटभर चिकटे असलेली बाई ओझी उचलत असते आणि चार ठिपके असलेली गुरासारखी ओरडत असते. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या मज्जासंस्थेचाच कान तिखट होतो, बारीक खुट्ट झालं तरी ती दचकते.

भाषांतराला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडखळले. पेन म्हणजे काय लिहायचं? वेदना? पुस्तकातला शब्द. आमच्याकडे त्याचं घरगुती रूप म्हणजे वेणा, आणि वेणा फक्त बाळंतपणाच्या. ‘दुखणं’ लिहावं तर दुखणं म्हणजे आजारही. ‘दुखणं अंगावर काढलं’ म्हणतो तेव्हा कंबर दुखत होती की टायफॉइड होता, ते वाक्यावरून कळत नाही. बाईनं औषध घेतलं नाही एवढंच कळतं. मग उरते कळ. पाळीच्या दुखण्याला बायका खरोखर जो शब्द वापरतात तो हाच. कळा येतात, कळ मारते. ठणका वेगळा, तो दाताचा, गळवाचा. चमक भरते ती पाठीत. तिडीक उठते डोक्यात. मुरडा आतड्याचा. ओटीपोटाला कळ. आणि हीच कळ ‘काढायची’ही असते. जरा कळ काढ, थोडी कळ सोस. दुखणं आणि ते गिळून थांबणं, दोन्हीला शब्द एकच. माझ्या आईनं तेराव्या वर्षी मला पहिला औषधोपचार सांगितला तो हा तीन शब्दांचा: थोडी कळ काढ.

पुढचा अडसर चौथ्या गटात, दोषाच्या विधानांना. इंग्रजीत ‘स्वतःला दोष देणं’ सरळ आहे. मी चुकीचं खाल्लं, व्यायाम केला नाही, म्हणून दुखतंय. मराठी बाई यातलं काहीच म्हणत नाही. ती म्हणते, “माझे भोग.” भोग माझे आहेत म्हणजे मी केले आहेत का? तर नाही. मागच्या जन्मी केले असतील, पण ती मी कुठं होते? नशिबाचे म्हणावं तर माझा दोष संपतो. आणि नागबळीत तर दोष घराण्याचा: सासरच्या कुणा पूर्वजानं नाग मारला, आणि पोट दुखतंय सुनेचं. मी हे अभ्यासक बाईंना लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं, “मग यांना गुण कसे द्यायचे?” मी म्हटलं, तोच तर माझा प्रश्न आहे.

‘सतत’चं विधान तुलनेनं सोपं, पण तेही महिन्यातल्या कोणत्या दिवशी विचारता त्यावर. पाळीच्या दुसऱ्या दिवशी विचारलं तर जन्मापासून दुखतंय. दहाव्या दिवशी विचारलं तर, “तसं काही नाही.” तीन महिन्यांहून जास्त टिकली, किंवा पुन्हा पुन्हा येत राहिली, की वेदना जुनाट, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात धरलं आहे. महिन्याला चार दिवस येणारी, तीस वर्षं येणारी कळ त्यात बसते, पण प्रश्नावलीतल्या ‘सतत’मध्ये ती कशी बसवायची हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आणि ‘कायमची’! यावर मला एक स्वतंत्र लेख लिहिता येईल. कारण पाळीच्या दुखण्याला आपल्याकडे कधीच कुणी कायमचं म्हणत नाही. त्याला नेहमी शेवटची तारीख असते, फक्त ती पुढं सरकत असते. नवीन नवीन आहे, बसेल वर्षभरात. लग्न झालं की थांबतं. एक पोर झालं की पोट मोकळं होतं. दोन झाली, तरी दुखतं? मग पिशवी काढून टाक, कटकट गेली. आणि अगदीच काही नाही तर, पाळी गेली की सुटशील. एका बाईचा अख्खा जननकाळ असा हप्त्याहप्त्यानं फेडला जातो. प्रश्नावलीत या बाईचा ‘कायमपणा’चा गुण उणे येईल. बघा, किती आशावादी रुग्ण आहे, असा निष्कर्ष निघेल.

*

भाषांतर संपलं त्या रात्री मी एक उद्योग केला. प्रश्नावली तीनदा भरली. एकदा तेरा वर्षांची मी, एकदा सत्तावीस वर्षांची, त्र्यंबकाहून परतलेली, आणि एकदा आजची. आठवणीनं भरलेल्या उत्तरांना शास्त्रात काही किंमत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ‘कोडं’ या गटातल्या चार विधानांनी मला झोपू दिलं नाही.

तेराव्या वर्षी मला माझी वेदना कोडं वाटत नव्हती. मुळीच नाही. आई, आजी, मावशी, शाळेतल्या बाई, सगळ्यांनी सांगितलं होतं की बायकांना दुखतं. उत्तर इतकं तयार होतं की प्रश्न पडलाच नाही. गुण उणे दोन. पुढं कॉलेजात, नोकरीत, एकेक सोनोग्राफी ‘नॉर्मल’ येत गेली तशी ती कोडं होत गेली. ‘सगळं व्यवस्थित आहे’ हे वाक्य ऐकून रिक्षात रडणं हा माझा विसाव्या वर्षानंतरचा कार्यक्रम. तेव्हा भरली असती तर अधिक दोन. मग त्र्यंबक, आणि पुन्हा कोडं नाही. नाग मारला होता, त्याची उत्तरक्रिया झाली, आणि दुखायचं थांबलंसुद्धा. उणे दोन. मग दुर्बीण, फोटो, चॉकलेटची गाठ. आता खरं कारण कळलं. उणे दोन! तोच गुण, जो तेराव्या वर्षी होता, जो कणकेच्या नागापुढं होता.

प्रश्नावलीचा हा दोष म्हणून मी सांगत नाही. ती जे मोजते ते नीट मोजते. पण ती बाईची खात्री मोजते. खात्री कुणी दिली, आणि ती खरी होती का, हे त्या सोळा ओळींच्या पलीकडे आहे. आणि उलटही: गेली दहा वर्षं जिला डॉक्टर ‘काही नाही’ म्हणून परत पाठवताहेत, तिनं ‘मला कळत नाही मला का दुखतं’ यापुढं अगदी पटतं अशी खूण केली, तर ती तिची सदोष समजूत नाही. ती तिची अचूक साक्ष आहे. गुणपत्रिका खरं म्हणजे दुसऱ्याची आहे. नाव तेवढं बाईचं. १९९५ सालची आणखी एक मोजपट्टी आहे, मायकेल सलिव्हन आणि सहकाऱ्यांची, तेरा विधानांची, वेदनेचा किती बाऊ केला जातो ते मोजणारी. बाऊ हा शब्द माझा. इंग्रजीत तर त्याहून मोठा, थेट आपत्तीचा शब्द आहे, आणि त्या नावावर आता रुग्णांनीच हरकत घेतली आहे. ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी २००१ साली खास एंडोमेट्रिओसिससाठी तीस प्रश्नांची जी पट्टी केली, ती मात्र मला जवळची वाटते. ती रुग्ण बायकांशी बोलून, त्यांच्या बोलण्यातून उभी केली आहे, आणि तीत ताबा सुटल्याची, कुणी समजून न घेतल्याची वेगळी मोजणी आहे.

जागतिक आरोग्य संघटना जगातल्या जननक्षम वयातल्या बायकामुलींपैकी साधारण १० टक्क्यांना, म्हणजे सुमारे १९ कोटी जणींना, हा आजार असल्याचं सांगते. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते, महिन्याच्या महिन्याला सुजते, तिला बाहेर जायला वाट नसते. ती तिथं पोचते कशी? १९२७ साली जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरनं म्हटलं, पाळीचं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं. पण तसं ते बहुतेक बायकांचं जातं, आजार मात्र काहींनाच होतो. म्हणजे कोडं विज्ञानालाही पुरतं सुटलेलं नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा दिसतो. आपल्याकडे परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बालआरोग्य संशोधन संस्थेनं भारतीय रुग्णांचा वैद्यकीय आणि जनुकीय अभ्यास हाती घेतला आहे, ऑक्सफर्डच्या साथीनं. त्यातून काही हाती लागेल तेव्हा लागेल. आणि ती गोळी? नॉरएथिस्टेरॉन ती ऊती निजवून ठेवते, म्हणून कळ थांबते. पूजेसाठी दहा दिवस, आजारासाठी महिनोन्‌महिने. फरक फक्त मुदतीचा आणि देखरेखीचा.

*

विल्यम्स आणि थॉर्न यांचा निबंध ज्या वर्षी छापून आला, त्याच १९८९ सालच्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये महाराष्ट्रातून एक निबंध गेला होता. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी. गडचिरोली जिल्ह्यातली वसा आणि अमिर्झा ही दोन गावं, ६५० बायका. त्यांतल्या ५५ टक्के जणींनी काही ना काही स्त्रीरोगाची तक्रार सांगितली. तपासल्यावर आजार सापडला ९२ टक्के जणींत, सरासरी प्रत्येकीत साडेतीनहून जास्त. आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

या निबंधाचं महत्त्व स्त्रीआरोग्यवाले नेहमी सांगतात. मी तो समजुतींचा निबंध म्हणून वाचते. ५५ आणि ९२ यांच्या मधली जी ३७ आहे, ती मला बायकांच्या समजुतीची मोजणी वाटते. अंगावरून जातं, कंबर धरते, ते सगळ्यांचंच असतं, त्यात सांगायचं काय? सोळा विधानं न विचारता बंगांनी ती मोजली. त्यातही एंडोमेट्रिओसिस सापडणं अवघडच होतं. तो हातानं तपासून सहसा लागत नाही, त्याला दुर्बीण, निदान चांगलं चित्रण लागतं. म्हणजे ९२ मध्येही तो पुरता नसणार.

दुसऱ्या टोकाला बीड. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्या जाताहेत हे २०१९ साली गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कारणं अनेक आहेत. उचल, खाडा झाला की कापले जाणारे पैसे, फडात पाण्याची सोय नाही, ‘कॅन्सर होईल’ अशी घातलेली भीती. पण सगळ्याच्या तळाशी तीच शेवटच्या तारखेची समजूत आहे: पिशवी गेली की दुखणं गेलं. आणि ज्या बाईचं दुखणं पिशवीच्या बाहेर चिकटून बसलेलं आहे तिचं? ती पिशवी देऊनही दुखतच राहते. मग तिच्याकडे काढून टाकण्यासारखं काही उरत नाही.

त्र्यंबक तालुक्यापुरतं बोलायचं तर देवगावची आश्रमशाळा आठवते. जुलै २०२२ मध्ये तिथल्या एका विद्यार्थिनीनं तक्रार केली की पाळी सुरू असलेल्या मुलींना शिक्षकानं झाडं लावू दिली नाहीत; त्यांच्या हातची झाडं जगत नाहीत म्हणे. राज्य महिला आयोगानं दखल घेतली, चौकशी लागली, चार दिवस बातम्या झाल्या. मला त्या बातम्यांत एकच गोष्ट मोलाची वाटली. मुलीला ते कोडं वाटलं. तिनं विचारलं.

*

गेल्या वर्षी पावसाळ्यात पुन्हा त्र्यंबकला गेले. सातपूर सोडलं की रस्ता हिरवा होत जातो, अंजनेरीच्या कड्यावरून धारा पडत असतात, आणि त्र्यंबकात पोचेपर्यंत ब्रह्मगिरी ढगात गडप. २०२७ च्या सिंहस्थाची चर्चा प्रत्येक टपरीवर. पेशव्यांनी, नानासाहेबांनी बांधायला घेतलेलं ते काळ्या दगडाचं देऊळ पावसात आणखीच काळं दिसतं. आम्ही उतरलो होतो तो वाडा शोधून काढला. आता त्याला टाइल्स लागल्या आहेत, पण यजमानांच्या पंगतीचा स्वयंपाक अजून मागच्या पडवीतच होतो.

तिथं पन्नाशीच्या एक बाई कणीक तिंबत होत्या. जवळच्याच पाड्यावरच्या. पूजेला येणाऱ्या सुनांची माहिती गुरुजींपेक्षा त्यांना जास्त. “कुणी येतीच गोळी खाऊन, कुणाला ऐन वेळी होतं, मग रडारड.” मी माझं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. मग मी, सवयीनं, विचारलं की तुम्हाला किती दुखायचं, रुपयात किती आणे?

त्या हसल्या. “पोटाला आणे नसत्यात ताई. परातीला विचारा. बरी असले तर पाच किलो मळती, त्या दिवशी दोन. तवा उचलत नाही.” आणि तिंबता तिंबता थांबून, “पण दुखतं म्हणून सांगितलं कुणाला? तवा उचलत नाही म्हणून सांगितलं.”

परतताना नाशिकला न थांबता थेट सिन्नरला आईकडे गेले. आई अडुसष्ट वर्षांची. तिनं तीस वर्षं विड्या वळल्या. आमच्या लहानपणी घराला टेंभुर्णीच्या भिजवलेल्या पानांचा आणि तंबाखूचा वास असायचा. मांडीवर सूप घेऊन ती उंबऱ्यात बसायची. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, टोक मुडपायचं, दोरा. रोज हजार. कमी भरल्या की मजुरी कमी. जेवताना मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं.

“आई, तुला पाळीत दुखायचं का गं?”

“मला? मला कुठं काय.”

“काहीच नाही?”

“सगळ्यांना असतं तेवढं. थोडी कळ काढायची.”

मी भाकरीचा तुकडा मोडला. मग विचारलं, “त्या दिवसांत विड्या किती व्हायच्या?”

तिला जरासुद्धा विचार करावा लागला नाही. “दुसऱ्या दिवशी चारशे. तिसऱ्या दिवशी पाचशे-साडेपाचशे. चौथ्याला आठशेवर जायची. पहिल्या दिवशी सकाळी उलटी झाली की मग दुपारपासून बसायची, दोनशे झाल्या तर झाल्या. तुझे बाबा चिडायचे, कारखान्यात आपली वही वाईट दिसते म्हणून.”

“दर महिन्याला?”

“दर महिन्याला. तुझ्या वेळेआधी तर फारच. तू पण सहा वर्षांनी झालीस.”

“मग दुखत होतं ना आई?”

तिनं माझ्या ताटात आमटी वाढली.

“नाही गं,” ती म्हणाली. “हात चालायचा नाही.”